फरशी बदलताय? आधी ओल्या पायाचा विचार करा

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगरंगोटी निघते आणि हाताशी चार पैसे असतील तर फरशीही बदलली जाते. आमच्या परिचयातील एका घरी असेच झाले. जुनी शहाबादी फरशी उखडली आणि स्वयंपाकघर, त्याला लागून असलेला चिंचोळा बोळ व बोळाच्या टोकाचे न्हाणीघर अशा तिन्ही ठिकाणी आरशासारख्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. येणारा-जाणारा कौतुक करी. पुढे दीड महिन्याने घरातल्या ७३ वर्षांच्या आजी न्हाणीघरातून बाहेर येताना दारातच पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले.

“डॉक्टर, दिवा चालू होता, पायात काही आलेही नव्हते. मग आई पडली कशी?” असे मुलाने विचारले. जाऊन पाहिले तेव्हा उत्तर दारातच सापडले. न्हाणीघरातले पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंड्याने तिथली जमीन इंचभर खाली ठेवली होती. ते बरोबरच होते. पण आत-बाहेर एकच पांढरा रंग असल्याने ती कड दिसतच नव्हती. त्यातून आजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. अंगठा कडेला अडला, तोल सावरायला दुसरे पाऊल पुढे पडले आणि ते ओले पाऊल गुळगुळीत टाइलवरून सटकले.

चालताना आपले पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असते. उतारवयात ते आणखी खाली येते, म्हणून अर्ध्या इंचाची कडही पुरते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, त्यामुळे तरुणपणी केवळ मुका मार बसला असता तिथे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे.

लहान खोल्या एकमेकींना लागून असतील तर सगळीकडे एकच टाइल लावा, घर मोठे दिसते, असे दुकानदार सांगतो. ते खोटे नाही. जमीन सलग, एका पातळीत असेल तर खुशाल एकच टाइल लावा. मात्र ती ओल्या न्हाणीघराला चालेल अशी हवी, दिवाणखान्याला शोभेल अशी नव्हे. पातळी बदलत असेल तर मात्र तिथे रंग बदललाच पाहिजे. फिकट बोळाला लागून गडद करडे न्हाणीघर असले की अंधूक दिसणाऱ्यालाही कड कळते.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवण्याची पद्धत आता रुळली आहे. तोडफोड वाचते, पण त्या खोलीची जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते आणि शेजारच्या खोलीच्या दारात नवी कड तयार होते. काम सुरू होण्याआधीच गवंड्याला प्रत्येक दारातली पातळी विचारून घ्या. कड टळत नसेल तर तिथे उताराची पट्टी बसवून घ्या.

आता टाइल निवडण्याविषयी. दुकानात टाइल कोरडी असते आणि आपल्या पायात चप्पल असते, म्हणजे परीक्षा दोन्हीकडून चुकते. एक नमुना घरी आणा, त्यावर साबणाचे पाणी ओता आणि खुर्चीवर बसून अनवाणी टाच रेटून पाहा. सरकली तर परत करा. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात आर ९, आर १०, आर ११ असे आकडे असतात. आकडा मोठा तितकी पकड जास्त. पण ही चाचणी बूट घालून तेलकट उतारावर घेतात. अनवाणी ओल्या पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी असते आणि त्यात सी सर्वांत पक्की.

न्हाणीघराला दोन बाय दोन फुटांची टाइल घेण्याचा मोह टाळावा. पाणी जाळीकडे जायला सहा फुटांत पाऊण ते एक इंच ढाळ लागतो. मोठी टाइल चारी बाजूंनी असा ढाळ नीट घेत नाही, मग पाणी साचते आणि शेवाळ धरते. एक फुटाची किंवा त्याहून लहान टाइल बरी. तिच्या सांध्यांचीही पायाला पकड मिळते. भिंतीच्या उरलेल्या टाइल्स जमिनीला लावू देऊ नका. मात्र खरखरीतपणाचाही अतिरेक नको. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना गेलेल्या माणसाला घासल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते.

खडबडीत टाइलवर साबणाचा थर बसतो हे खरे. त्यावर ॲसिड ओतणे हा उपाय नव्हे. त्याने सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते आणि त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. काम चालू असतानाच भिंतीत पक्का आधारदांडा बसवून घ्या. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही.

एवढे करूनही कोणी पडले, मांडीच्या मुळाशी कळ असेल, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर ओढून उभे करू नका, मालिश करू नका. आडवेच ठेवून रुग्णालयात न्या. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी. लांबली की अंथरुणातले व्रण आणि न्यूमोनिया गाठतो.

आजींची शस्त्रक्रिया वेळेत झाली. सगळी फरशी पुन्हा काढणे त्या घराला परवडणारे नव्हते, म्हणून फक्त न्हाणीघराची बदलली. लहान, करड्या, बिनचकाकीच्या टाइल्स लावल्या, दारात उताराची पट्टी घातली, आत दांडा बसवला आणि बोळात खाली रबर असलेले पायपुसणे टाकले. आजी आता वॉकर घेऊन स्वतः न्हाणीघरापर्यंत जातात. नवी फरशी कशी वाटली, असे मी विचारले. “जरा कळकट दिसते,” त्या म्हणाल्या, “पण पाय धरून ठेवते.”