भरखत, वरखत आणि ज्वारीचे पीक

पिकास लागणारी अन्नद्रव्ये पुरविणारा पदार्थ म्हणजे खत होय. शेणखत व कंपोस्ट ही भरखते. त्यांत अन्नद्रव्ये थोडी असतात. एक टन शेणखतात नत्र सुमारे ५ किलोच असते. परंतु त्यांमुळे जमीन भुसभुशीत राहते व ओल टिकते. युरिया, सुपर फॉस्फेट ही वरखते. त्यांत अन्नद्रव्ये भरपूर असतात. पण जमिनीचा पोत सुधारण्याचे कार्य त्यांच्याने होत नाही. म्हणून एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

एका गावी खरीप ज्वारीचे शेत पाहण्यात आले. पीक काळेभोर, पुरुषभर उंच. परंतु दाणा भरण्यापूर्वीच वाऱ्याने आडवे झालेले. मालकाने विचारले, "साहेब, खत कमी पडले काय?" चौकशीअंती कळले की, त्यांनी युरिया दुप्पट, तोही एकाच वेळी दिला होता, स्फुरद व पालाश मुळीच दिले नव्हते. खत कमी पडले नव्हते, ते एकांगी पडले होते. नत्राने पाने व ताटे वाढतात. स्फुरदाने मुळे व दाणा पोसतो. पालाशाने ताट कणखर होते. जे द्रव्य सर्वांत कमी, तेच उत्पन्नाची मर्यादा ठरविते.

संकरित खरीप ज्वारीस हेक्टरी ८० किलो नत्र, ४० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही सर्वसाधारण मात्रा होय. माती परीक्षणानुसार तीत फेरबदल करावा. एकरी हिशेब असा : पेरणीच्या वेळी युरिया ३५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १०० किलो व म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो, तीस दिवसांनी, खुरपणीनंतर, युरिया आणखी ३५ किलो. पहिली मात्रा पाभरीने पेरून द्यावी. खताचा बियाण्याशी स्पर्श होऊ देऊ नये. दुसरी मात्रा ओल असताना ओळीलगत देऊन कोळप्याने मातीआड करावी. कोरड्या जमिनीवर फेकलेल्या युरियातील नत्र वायुरूपाने उडून जाते. पाऊस लांबल्यास हा हप्ता थांबवावा.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस गोणीवरील आकडे वाचावयास शिकवावे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र सुमारे २१ किलो असते, एवढे ज्यास उमगले, तो खताचा पैसा मातीत घालील. वाऱ्यावर सोडणार नाही.