उकिरड्यावरचे रान

बागेत हिंडणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी समजूत कामगारवस्तीत फार रुजली आहे. ती किती चुकीची आहे, हे माहीमच्या निसर्ग उद्यानात एक फेरी मारली की कळते.

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांवर हे उद्यान आहे. पूर्वी येथे मुंबईचा कचरा टाकीत. १९८० नंतरच्या दशकात येथे झाडे लावण्यास आरंभ झाला आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले.

उकिरड्यावर रान कसे वाढते? आधी कचऱ्यावर माती पसरावी लागते. मग झाडे लावायची आणि त्यांची पाने जिथे गळतील तिथेच राहू द्यायची. वाळवी, गांडुळे, बुरशी त्या पानांचा चुरा करतात आणि दरवर्षी मातीची थोडी भर पडते. पाखरे फळे खाऊन बिया टाकतात; माळ्याने न लावलेली झाडेही मग उगवतात. तेव्हा पायवाटेवर पाचोळा दिसला तर ‘येथे झाडलोट नाही’ असे म्हणू नका. त्या मातीच्या कारखान्यात पाळी कधी सुटत नाही.

वाटेने सावकाश चालावे. औषधी वनस्पतींपाशी थांबावे, फुलांवरची फुलपाखरे पाहावी. पावसाचे पाणी साठवण्याचे तळे आहे, त्याच्या काठी मुलांना घेऊन बसावे. मिठीच्या बाजूला तिवरे आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळे खिळ्यांसारखी वर येऊन श्वास घेतात. पानांवाटे मीठ बाहेर टाकले जाते. ही झाडे गाळ धरून ठेवतात आणि भरतीचा जोर मोडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठची घरे बुडाली. भराव टाकून नदी आवळली की पाणी कोणाच्या घरात शिरते, हे त्या दिवशी दिसले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती केवळ पाठ टेकण्यासाठी मागितलेली नव्हती; माणसाला स्वतःसाठी व समाजासाठी एक दिवस हवा, हा तिच्यामागचा विचार होता. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला मोकळ्या हवेची गरज बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा जास्त असते. उद्यानाच्या पलीकडेच वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. तिथल्या जमिनीचा भाव तुम्हांला ठाऊकच आहे. अशा ठिकाणी ३७ एकर रान टिकायचे, तर शेजारच्या वस्तीने ते आपले मानले पाहिजे, आणि ज्या वाटेवर आपण पाऊलही टाकले नाही ती आपली कशी वाटणार? येत्या सुट्टीला मुलांचा हात धरून जा. फुले तोडू नका, कागद टाकू नका. झाडांची नावे मात्र विचारून घ्या; घरी परतल्यावर मुले तीच शेजाऱ्यांना सांगतील.