नसबंदी केलेला बोका ट्रेबाहेर लघवी करतो? आधी आजार तपासा

"नसबंदी केली, तरी आमचा बोका गादीवर लघवी करतो. त्याला एखादी गोळी देता का?" असे काही पेशंट तपासणीच्या वेळी विचारतात. घरातली माणसांची गोळी त्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. उपचार पशुवैद्यकाकडूनच घ्यावेत.

ही खोडी आहे की आजार?

बोका उभा राहून, शेपटी ताठ करून भिंतीवर किंवा पडद्यावर थोडी लघवी उडवत असेल, तर तो आपली हद्द आखतो आहे. नसबंदीनंतर ही सवय बहुतेक बोक्यांमध्ये काही आठवड्यांत कमी होते, पण सुमारे १० टक्के बोक्यांमध्ये राहते. नवे मांजर, घर बदलणे किंवा खिडकीबाहेर फिरणारा दुसरा बोका यांमुळे ती वाढते.

खाली बसून गादी, कपडे किंवा फरशीवर लघवी करत असेल, तर मूत्राशयाची सूज, लघवीतील खडे, मधुमेह, किडनीचा आजार किंवा म्हातारपणातील सांधेदुखी अशी कारणे असू शकतात. म्हणून लघवीची तपासणी आधी करून घ्यावी.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यावे?

बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो खड्याने किंवा चिकट स्रावाने बंद होऊ शकतो. पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका:
• वारंवार ट्रेमध्ये जाऊन जोर लावणे, पण लघवी न होणे किंवा थेंबथेंब होणे
• लघवीत रक्त
• लघवी करताना ओरडणे, ती जागा सतत चाटणे
• उलट्या, सुस्ती, खाणे बंद

लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. बऱ्याचदा हे बद्धकोष्ठ समजून वेळ जातो.

तपासणीत आजार नसेल तर

• जितकी मांजरे, त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा.
• ट्रे मोठा, शांत जागी आणि खाण्यापासून दूर असावा. घाण रोज काढा. वासाचे लिटर टाळा.
• ओल्या जागा एन्झाइम क्लीनरने पुसा. फिनाईल वापरू नका, ते मांजरांना विषारी आहे.
• पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. ओले खाणे द्या, म्हणजे लघवी पातळ राहते.
• मारू किंवा ओरडू नका. भीतीने त्रास वाढतो.

घरात कोणी गरोदर असेल, तर टॉक्सोप्लाझ्मा संसर्ग टाळण्यासाठी ट्रे दुसऱ्याने साफ करावा. ते शक्य नसेल तर हातमोजे घालून रोज साफ करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

बोका बोलून दुखणे सांगू शकत नाही. ट्रेबाहेरची लघवी ही अनेकदा त्याची तक्रारच असते.