तक्त्यात आहे, पण सापडत नाही

गावांची लांबलचक यादी संकेतस्थळावर उघडली, शोधपेटीत 'कऱ्हाड' टाइप केलं आणि उत्तर आलं : शून्य नोंदी. खाली सरकत गेलं, तर कऱ्हाड तिथंच! गोम 'ऱ्ह'मध्ये असू शकते. तो संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो : 'ऱ' हे एकच चिन्ह धरून, साध्या 'र'ला नुक्ता जोडून, किंवा 'र', हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे, शोधयंत्रणेला तीन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिले दोन एक करतं. तिसऱ्याला हात लावत नाही. तो नियम प्रोग्रामरलाच लिहावा लागतो.

तक्ता रखडतो त्याचं कारण निराळं. ५०,००० ओळी आणि १० रकाने म्हणजे ५ लाख चौकटी. त्या सगळ्या मांडताना ब्राउझरची दमछाक होते. म्हणून पडद्यावर दिसतील तेवढ्याच ओळी बनवाव्यात, शोध सर्व्हरवर सोपवावा. तोही दर अक्षरागणिक नव्हे, टाइप करणारा क्षणभर थांबल्यावर.

रकाने आणि शीर्षकं जुळत नसतील, तर तक्ता बंद टॅबमध्ये तयार झाला का, ते आधी पाहा. लपलेल्या भागाची रुंदी शून्य भरते. टॅब उघडताच मापं पुन्हा घ्यायला लावली की काम होतं.

मोबाइलवर जागेसाठी रकाने लपवणं मला पटत नाही. लोक नेमके त्यासाठीच आलेले असतात. त्यापेक्षा गावाचं नाव डावीकडे खिळवावं आणि बाकीचा तक्ता आडवा सरकू द्यावा.