दूरच्या संगणकाची ओळख कशी पटवावी?

पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारण्याऐवजी लिहिलेल्या आज्ञेने संगणकाला काम सांगण्याच्या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात. आज्ञा ज्या खिडकीत लिहिली जाते ते टर्मिनल, आणि ती वाचून, तिचा अर्थ लावून ती पार पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला तिच्यामुळे ही पद्धत रुळली, आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणालीच्या बहुसंख्य संगणकांवर आजही आढळतो. लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते, सहकाऱ्याला जशीच्या तशी देता येते आणि शेकडो फायलींवर एकाच दमात चालवता येते, म्हणून प्रोग्रॅमर मंडळी तिला सोडायला तयार नसतात.

लिनक्स आणि मॅक संगणकांवर टर्मिनल मुळातच असते. विंडोजमध्ये २०१६ पासून डब्ल्यूएसएल या सोयीमुळे लिनक्सचा शेल वापरता येऊ लागला. त्यावर प्रोग्रॅम लिहिण्यासाठी एखादा एडिटर आणि फायलींतील बदलांचा इतिहास राखणारे, लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले गिट, एवढी सामग्री जमली की कामाची मांडणी बहुतांशी पूर्ण होते. मात्र प्रत्यक्ष प्रोग्रॅम अनेकदा वेगळ्याच, दूरच्या संगणकावर चालवायचा असतो. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर गणिते सोडवणारा संशोधकही त्या यंत्रासमोर बसत नाही, तर आपल्या टेबलावरील टर्मिनलमधून त्यात प्रवेश करतो. या प्रवेशाची सुरक्षितता हा सगळ्या मांडणीतला सर्वांत नाजूक भाग आहे आणि तो घाईघाईने उरकला जातो, हे चिंताजनक आहे.

पूर्वी अशा प्रवेशासाठी टेलनेट वापरले जाई, ज्यात नाव आणि पासवर्ड यांसह प्रत्येक अक्षर उघड्या रूपात नेटवर्कवरून जात असे, त्यामुळे मध्ये कान देऊन बसलेल्या कोणालाही ते टिपता येई. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपणारे साधन सापडले, ज्याने हजारो पासवर्ड गोळा केले होते. तेथील संशोधक तातू यलोनेन यांनी यावर उपाय म्हणून काही महिन्यांतच सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच, लिहून जुलै १९९५ मध्ये सर्वांना मोफत उपलब्ध करून दिले. त्यासाठी त्यांनी २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकातील त्या सेवेचे ठरलेले प्रवेशद्वार, मागून घेतले, कारण फायली पाठवणाऱ्या एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्यामधला तो क्रमांक मोकळा होता. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आणली, आणि आज जगभर मुख्यतः तीच चालते.

एसएसएचमध्ये प्रथम दोन्ही संगणक उघड्या नेटवर्कवरच अशी देवघेव करतात की दोघांकडे एकच गुप्त संख्या तयार होते, पण ऐकणाऱ्याला ती काढता येत नाही. हे तत्त्व व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्या संख्येच्या आधारे पुढचा सारा मजकूर कूटबद्ध होतो, आणि त्यानंतरच वापरकर्त्याने आपली ओळख पटवायची असते. पासवर्डनेही ते जमते, पण इंटरनेटवरील सर्व्हरवर, म्हणजे अशा दूरच्या संगणकावर, पासवर्ड अंदाजाने ताडून पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस धडका देत असल्याने किल्ल्यांची जोडी अधिक भरवशाची. ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दिली की दोन फायली तयार होतात: खासगी किल्ली आपल्या संगणकावरच राहते, तर जेमतेम एका ओळीची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवली जाते. बँकेत सहीचा नमुना ठेवलेला असावा तसे सर्व्हर सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्लीने केलेली सही पडताळतो. फरक एवढाच की या नमुन्यावरून खोटी सही करता येत नाही. खासगी किल्लीची फाइल संगणकावरील इतरांना वाचता येत असेल, तर ओपनएसएसएच ती वापरण्यासच नकार देते. एवढ्यावर न थांबता त्या फायलीला सांकेतिक वाक्याचे कुलूप घालणे आवश्यक आहे, नाही तर लॅपटॉप चोरीला गेला की सर्व्हरही गेलाच म्हणून समजावे.

खुद्द प्रोग्रॅमच्या विश्वासार्हतेचा प्रश्न यापलीकडचा आहे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद जादा लागत असल्याचे जाणवले, आणि शोध घेता एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या साधनात कोणी तरी हेतुपुरस्सर चोरवाट पेरल्याचे उघड झाले. दोष ओपनएसएसएचचा नव्हता. काही लिनक्स वितरणांत ते साधन आडमार्गाने त्याच्याशी जोडले गेले होते.

तथापि वापरकर्त्याच्या हातातील सर्वांत मोठी त्रुटी वेगळीच आहे. आपली ओळख सर्व्हरला पटवण्याबाबत सगळे दक्ष असतात, पण समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे कोण पाहतो? नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडणी करताना एसएसएच त्या सर्व्हरच्या स्वतःच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा, म्हणजे तिच्यापासून गणिताने काढलेली अक्षरांची एक माळ, दाखवून पुढे जायचे का असे विचारते, आणि बहुतेक जण ती न वाचताच ‘येस’ लिहितात. त्यानंतर तो ठसा जपून ठेवला जातो व पुढे बदल दिसला तर ठळक इशारा येतो. मार्च २०२३ मध्ये गिटने राखलेले प्रकल्प इंटरनेटवर साठवणाऱ्या गिटहब या कंपनीच्या सर्व्हरची एक खासगी किल्ली चुकून सार्वजनिक ठिकाणी उघड झाल्याने कंपनीने ती बदलली, तेव्हा असंख्य प्रोग्रॅमरना हाच इशारा दिसला, आणि नवा ठसा कंपनीने जाहीर केलेल्या ठशाशी जुळवून पाहणे हाच त्यावरचा योग्य मार्ग होता. म्हणून नव्या सर्व्हरवर काम सुरू करणाऱ्याने त्याचा ठसा तो चालवणाऱ्याकडून आधीच दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष मागून घ्यावा, पडद्यावरील ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवावा, आणि मगच ‘येस’ लिहावे.