खेळात न रमणाऱ्या मुलांविषयी

परवा शेजारच्या वहिनींनी चिंताक्रांत मुद्रेने विचारले, "आमचे चिरंजीव मैदानाकडे फिरकतही नाहीत, त्यांच्या व्यायामाचे करावे तरी काय?"

संघ निवडताना ज्या मुलाला दरवेळी सर्वांत शेवटी पुकारले जाते, त्याला तिटकारा बहुधा व्यायामाचा नसून त्या जाहीर पंचनाम्याचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे, दम लागेल इतपत हालचाल करावी; ती सामन्यातच व्हावी, अशी अट त्या शिफारशीत नाही.

माझी पहिली पसंती लेझमीला. हलगीच्या ठेक्यावर वाकताना, बसून उठताना आणि पवित्रा बदलताना मांड्या, पोटऱ्या व दंड यांना यथास्थित श्रम घडतात, आणि गुणफलकच नसल्याने पराभवाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी टेकडीला; मात्र मुलाच्या हाती पक्ष्यांच्या नोंदीची वही द्यावी, म्हणजे 'टुक टुक' करणाऱ्या तांबटाचा माग काढता काढता चढण केव्हा सरली, याचे त्याला भानही राहत नाही. ('व्यायाम' हा शब्द तेवढा उच्चारू नये!)

निवडीचा अखत्यार मात्र सर्वस्वी मुलाकडेच असावा.

आपल्या घरी असे कोणी असल्यास त्याचे वय आणि आवड खाली अवश्य कळवावी. यथामति उत्तर देईन.