मीरा-भाईंदर : शहर एक, आमदार दोन

घरातले मतदार ओळखपत्र काढा आणि मागची बाजू पाहा. पत्त्याजवळ बारीक अक्षरांत विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव छापलेले असते. मीरा-भाईंदरमधल्या बहुतेकांच्या कार्डावर ‘१४५, मीरा भाईंदर’ असे दिसेल. पण सगळ्यांच्या नाही. अनेकांच्या कार्डावर ‘१४६, ओवळा-माजिवडा’ असते, आणि ते वाचून आपले नाव चुकून ठाण्याच्या यादीत गेले असे त्यांना वाटते.

तशी काही चूक झालेली नाही. ‘आख्ख्या शहराचा आमदार एकच’ हाच या शहरातला सर्वांत पक्का गैरसमज आहे. महापालिकेची हद्द वेगळी आणि विधानसभेची वेगळी. पालिकेचे काही प्रभाग घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्याला जोडून ओवळा-माजिवड्यात गेले आहेत. तिथून २००९पासून सलग चार वेळा प्रताप सरनाईक निवडून आले. या प्रभागांतला माणूस १४५च्या आमदाराकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, तेव्हा ज्याला त्याने मतच दिलेले नाही त्याला तो जाब विचारत असतो.

दुसरा घोळ जिल्ह्याचा. दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबई संपते. लोकलने रोज चर्चगेटला जाणे-येणे असले तरी आपण ठाणे जिल्ह्यातच आहोत. २०१४मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही मीरा-भाईंदर ठाण्यातच राहिले. २०२०मध्ये मीरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून एक पोलीस आयुक्तालय झाले, म्हणून काहींना आपण वसईकरांबरोबर मतदान करतो असे वाटते. वसई पालघर लोकसभेत आहे, आपण ठाणे लोकसभेत. १४५ आणि १४६ हे दोन्ही मतदारसंघ ठाणे लोकसभेतच येतात, म्हणजे खासदार मात्र एकच.

१४५ हा मतदारसंघ फार जुना आहे हीदेखील ऐकीव गोष्ट. तो २००८च्या पुनर्रचनेत निर्माण झाला आणि इथली पहिली निवडणूक २००९ची. पुनर्रचना २००१च्या जनगणनेवर झाली. ज्या गावांची १९८५मध्ये नगरपरिषद झाली आणि २००२मध्ये महापालिका, तिथली लोकसंख्या तोवर पाच लाखांवर गेली होती. पुढच्या जनगणनेत ती आठ लाखांच्या पुढे गेली.

‘ही अमुक पक्षाची हक्काची जागा’ हे वाक्य तर प्रत्येक निवडणुकीत कानावर येते. निकाल बघा. २००९मध्ये राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा, २०१४मध्ये भाजपचे नरेंद्र मेहता, २०१९मध्ये अपक्ष गीता जैन, २०२४मध्ये पुन्हा मेहता. चार निवडणुकांत एकदाही विद्यमान आमदार टिकला नाही.

त्यातही २०१९चा निकाल नीट समजून घ्यायला हवा. त्याआधी दोनच वर्षे महापालिकेत ९५पैकी ६१ नगरसेवक भाजपचे निवडून आले होते. पालिका ज्याची, आमदारकी त्याची, असेच सगळे धरून चालले होते. उमेदवारी न मिळाल्याने भाजपच्याच माजी महापौर गीता जैन अपक्ष उभ्या राहिल्या आणि पंधरा हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. कमळाला मत देण्याची सवय असलेल्या कित्येकांनी त्या दिवशी दुसरे बटण दाबले. पण अपक्षांना इथे कायमची साथ असते असेही नाही. २०२४मध्ये त्याच गीता जैन पुन्हा अपक्ष लढल्या आणि काँग्रेसच्या मुझफ्फर हुसेन यांच्याही मागे, तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. मेहतांचे मताधिक्य साठ हजारांवर गेले. माझ्या मते इथला मतदार चिन्हाबरोबर माणूसही तोलतो, आणि त्याला गृहीत धरणाऱ्याला तो किंमत मोजायला लावतो.

शेवटचा घोळ कामांचा. गटार तुंबले, कचरा उचलला नाही, नळाला पाणी आले नाही, ही कामे महापालिकेची. त्यासाठी आधी नगरसेवक आणि प्रभाग कार्यालय गाठायचे. आमदार निधी देतो, सरकारदरबारी पाठपुरावा करतो, विधानसभेत प्रश्न मांडतो. त्याला जाब विचारायचा तो या कामांचा.

तेव्हा कार्डावरचा क्रमांक आजच वाचा. कार्ड सापडत नसेल किंवा यादीतल्या नावाबद्दल शंका असेल, तर १९५० हा मतदार मदत क्रमांक फिरवा.